अमेरिकेची शासनव्यवस्था शिकायची तर पैशाची वाट धरा

कोल्हापुरात हा विषय शिकणारे साधारण तीन प्रकारचे असतात. बीएला तौलनिक राज्यशास्त्र घेतलेले, कायद्याला असलेले, आणि बारावीनंतर तिकडे पदवीला निघालेले. टेक्साससारख्या राज्यात सरकारी विद्यापीठात हा विषय सक्तीचाच आहे. तिघांची गाडी अडते ती एकाच जागी. तीन शाखा, १०० सिनेटर, ४३५ प्रतिनिधी, २७ घटनादुरुस्त्या हे तोंडपाठ होतं. मग ‘शटडाऊन’ (खर्चाच्या मंजुरीअभावी सरकारी काम थांबणं) किंवा ‘टॅरिफ’ (आयातशुल्क) अशी बातमी येते आणि त्या पाठांतरातलं काहीच कामाला येत नाही.

नागरिकशास्त्र एका वहीत आणि अर्थशास्त्र दुसऱ्या वहीत ठेवलं की असंच होणार. अमेरिकेची घटना मुळात पैशाच्या भांडणातून आली. १७८७ पूर्वीच्या केंद्राला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे मागायचं आणि ती देतील तेवढ्यावर भागवायचं. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फिटेना, म्हणून फिलाडेल्फियाला बैठक बसली. तेव्हा दोन्ही विषय एकाच वहीत घ्या.

वही कशी आखायची

प्रत्येक विषयाला एक पान, पानावर चार रकाने: अधिकार कोणत्या कलमातून आला, सुरुवात कोण करतो, कोण अडवू शकतो, आणि शेवटी कोणाच्या खिशातून जातं. पहिले तीन रकाने नागरिकशास्त्राचे, चौथा अर्थशास्त्राचा. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकायची. दर, मर्यादा, पदाधिकारी बदलत राहतात, तारीख नसलेली टिपणं वर्षभरात दगा देतात.

मूळ घटना जेमतेम साडेचार हजार शब्दांची आहे, एका बैठकीत वाचून होते. पण पहिल्या दिवशी फक्त अनुच्छेद १ मधले विभाग ७, ८ आणि ९ वाचा. विभाग ७ सांगतो की महसुलाचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हायला हवं, आणि राष्ट्राध्यक्षाच्या सहीचे नि नकाराधिकाराचे नियमही तिथेच आहेत. विभाग ८ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या संसदेच्या, अधिकारांची १८ कलमांची यादी आहे: कर, कर्ज, राज्याराज्यांतला आणि परदेशांशी व्यापार, नाणी पाडणं. विभाग ९ मनाईचा. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, आणि कोणत्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर लावायचा नाही. आपल्या केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं. तसं करायचं अमेरिकी काँग्रेसने एकमताने ठरवलं तरी घटना आडवी येते.

आणि आकडे वाचायला लागण्यापूर्वी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. उत्तरपत्रिकेत सर्वाधिक गफलत इथेच होते.

अर्थसंकल्प: आपला साचा बाजूला ठेवा

आपल्याकडे अर्थमंत्री १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडतात. लोकसभेत बहुमत सरकारचंच, त्यामुळे तो मंजूर होणार हे धरूनच चालतात. नामंजूर झाला तर सरकारच जातं. राज्यसभा धन विधेयक फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते. हा साचा डोक्यात ठेवून अमेरिकेचं प्रकरण वाचलं की सगळं उलटंपालटं होतं.

तिथे राष्ट्राध्यक्ष फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत अर्थसंकल्प पाठवतो. कायद्यात तशी तारीख आहे, ती पाळली जातेच असं नाही. आणि पाठवलेला अर्थसंकल्प हा निव्वळ प्रस्ताव असतो. काँग्रेस तो बाजूला सारू शकते आणि अनेकदा सारतेही. दरवर्षीचा खर्च मंजूर होतो तो १२ विनियोजन विधेयकांतून. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत बाराही विधेयकांवर सही व्हायला हवी. एका विधेयकाची वाट अशी:

१. प्रतिनिधिगृहाच्या समितीत मसुदा, मग सभागृहात साधं बहुमत.
२. सिनेटमध्ये तेच. सिनेट इथे राज्यसभेसारखी दुय्यम नाही, आकडे हवे तसे बदलू शकते. चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, त्यामुळे ५१ जणांचा पक्षही अडतो.
३. दोन्ही सभागृहांचा मजकूर शब्दशः एक व्हायला हवा.
४. राष्ट्राध्यक्षाकडे रविवार सोडून १० दिवस. नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनीच तो उलटवता येतो.

वेळेत जमलं नाही तर जुन्याच दराने खर्च चालू ठेवायचा तात्पुरता ठराव करतात. आपलं लेखानुदान ज्या गरजेतून येतं त्याच गरजेतून हा ठराव येतो. तोही अडला की शटडाऊन. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेलं ३५ दिवस चाललं, १ ऑक्टोबर २०२५ चं ४३ दिवस. पंतप्रधान बदलत नाही, निवडणूक लागत नाही, कोणी राजीनामा देत नाही. संसदीय पद्धतीत वाढलेल्या माणसाला हेच पचायला जड जातं.

‘शटडाऊनमध्ये सगळं सरकार बंद पडतं’ असं लिहू नका. सोशल सिक्युरिटीची पेन्शन चालू राहते, कारण ती कायमस्वरूपी कायद्याने ठरलेली आहे, दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून नाही. विमानतळावरचे नियंत्रक कामावर येतात, पगार मागाहून मिळतो. व्हिसाचं काम अर्जदारांच्या शुल्कावर चालत असल्याने बहुतांशी सुरू राहतं. मुंबईतल्या मुलाखतीची तारीख हातात असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

राष्ट्राध्यक्षाला विधेयकातला नको तो एकच खर्च खोडता येत नाही. घ्यायचं तर सगळं, नाकारायचं तर सगळं. १९९६ मध्ये काँग्रेसने तसा अधिकार देऊन पाहिला, सर्वोच्च न्यायालयाने तो १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवला. बहुतेक राज्यांच्या गव्हर्नरांना मात्र तो आहे. गव्हर्नर तिथे लोकांनी निवडून दिलेला असतो. आपल्या राज्यपालाशी त्याची जोडी लावली की उत्तर गेलंच.

तूट आणि कर्ज

तूट एका वर्षाची, कर्ज आजवरच्या सगळ्या तुटींची साठलेली रक्कम. २०२४ च्या आर्थिक वर्षात संघ सरकारची जमा सुमारे ४.९२ ट्रिलियन डॉलर, खर्च सुमारे ६.७५ ट्रिलियन. वजाबाकी १.८३ ट्रिलियन, ही तूट. एकूण कर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये ३६ ट्रिलियनच्या पुढे गेलं. ‘तूट कमी झाली’ आणि ‘कर्ज वाढलं’ या दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. विद्यार्थी त्यातली एक खोटी समजून खोडतो.

कर्जमर्यादेचं पान वेगळं करा. ही मर्यादा १९१७ पासूनच्या कायद्यातून आलेली आहे. ती वाढवल्याने नवा खर्च मंजूर होत नाही. आधीच मंजूर झालेल्या खर्चाची देणी भागवायला उसनवारी करता येते. शटडाऊनमध्ये खर्चाची परवानगी नसते, कर्जमर्यादेच्या पेचात परवानगी असते पण पैसा उभा करता येत नाही. हा फरक एका ओळीत मांडता आला तर हा भाग तुम्हाला कळला असं समजा.

कर: टप्प्यांचं गणित करून पाहा

‘पगार वाढला, वरच्या टप्प्यात गेलो, आता हातात कमीच पडणार’ हा गैरसमज इकडेही आहे आणि तिकडेही. तो वाचून जात नाही, गणित करून जातो. २०२४ चे आकडे घ्या. एकट्या व्यक्तीचं उत्पन्न ६०,००० डॉलर. प्रमाणित वजावट १४,६००, उरले ४५,४००. पहिल्या ११,६०० वर १० टक्के म्हणजे १,१६०. उरलेल्या ३३,८०० वर १२ टक्के म्हणजे ४,०५६. एकूण ५,२१६ डॉलर. टप्पा १२ टक्क्यांचा असला तरी प्रत्यक्ष भार ६०,००० च्या जेमतेम ८.७ टक्के.

इथेच थांबू नका. पगारातून सोशल सिक्युरिटीला ६.२ आणि मेडिकेअरला (वृद्धांच्या आरोग्यविम्याला) १.४५ टक्के वेगळे कापले जातात, पहिल्या डॉलरपासून, वजावटीविना. ६०,००० वर ते होतात ४,५९०. म्हणजे मध्यम पगाराच्या माणसाला आयकराच्या जवळपास जाणारा हा दुसरा कर लागतो, आणि मालकही तेवढीच रक्कम भरतो. आयकर चढत्या दराचा; सोशल सिक्युरिटीचा दर एकच आणि त्याला पगाराची वरची मर्यादा, त्यामुळे फार मोठ्या पगारावर त्याचा टक्का घटत जातो. ‘अमेरिकेची करपद्धती चढत्या दराची आहे’ असं सरसकट विधान करण्याआधी कोणता कर ते लिहा.

पहिल्या रकान्यात १६ वी घटनादुरुस्ती, १९१३. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयकर रद्द केला होता, म्हणून ती लागली.

विक्रीकर संघ सरकार लावत नाही, तो राज्यं आणि शहरं लावतात. आपल्या जीएसटीसारखा देशभर एक दर नाही आणि जीएसटी परिषदेसारखी जागाही नाही. घरफाळा मात्र ओळखीचा निघेल. फरक एवढाच की तिथे त्याचा मोठा वाटा त्या भागातल्या सरकारी शाळांना जातो. महाग घरांच्या वस्तीत शाळेला पैसा अधिक, गरीब वस्तीत कमी. राज्य सरकारं भर घालतात तरी दरी पूर्ण बुजत नाही. संघराज्य हा शब्द समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

बाजाराच्या संकल्पना

मागणी-पुरवठ्याचे आलेख पुस्तकात आहेतच, त्यांवर दोन तासांहून अधिक घालवू नका. किमान किंमत या एका मुद्द्यावर मात्र थांबा, कारण ऊसपट्ट्यातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं: २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. बाजारातल्या साखरेच्या भावाशी हा दर जुळला नाही की काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे: ऊस वाढतो, साखर गोदामात पडून राहते, आणि बिलं १४ दिवसांत द्यायचा नियम असूनही थकतात.

आता अमेरिका. तिथलं सरकारही साखरेला आधार देतं, पण वाट वेगळी. साखर तारण ठेवून प्रक्रिया उद्योगाला ठरावीक दराने कर्ज, आणि बाहेरून येणाऱ्या साखरेवर कोटा. भाव चढा राहतो. चौथा रकाना भरताना विद्यार्थी ‘तिजोरी’ लिहितो. बरोबर उत्तर मुख्यतः साखर विकत घेणारा ग्राहक आणि मिठाईचे कारखाने. सरकारच्या खर्चाच्या आकड्यात जे दिसत नाही ते कोणीच देत नाही असं नसतं.

संघीय किमान वेतन हीसुद्धा किमान किंमतच: ताशी ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून तसंच. राज्यांना त्याहून जास्त ठेवायची मुभा आहे आणि अनेकांनी ठेवलंय, म्हणून ‘अमेरिकेतलं किमान वेतन किती’ या प्रश्नाला एक आकडा पुरत नाही.

बाह्य परिणाम ही संकल्पना पंचगंगेवर उभं राहून कळते. सांडपाणी सोडणाऱ्याचा खर्च वाचतो, तो खर्च खाली शिरोळ तालुक्यातल्या लोकांवर पडतो; बाजारभावात त्याची नोंद कुठेच नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये क्लीव्हलँडजवळ कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला. त्यानंतर पर्यावरण संस्था १९७० ला, आणि स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ ला. या कायद्याचं पान पूर्ण भरा, कारण चारही रकाने त्यात जिवंत होतात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्च फार म्हणून नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन तृतीयांशांनी तो उलटवला. मग त्यांनी मंजूर पैशातला बराचसा राज्यांना वाटूच दिला नाही. काँग्रेसने १९७४ मध्ये असा पैसा अडवण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसा वाटायलाच हवा असा निकाल दिला. नियंत्रण आणि संतुलनावर दहा गुणांचं उत्तर या एका नदीवर लिहिता येतं.

सार्वजनिक वस्तूचं उदाहरण म्हणून रस्ता लिहिताना जपून. पैसे न देणाऱ्याला अडवता येत नाही आणि एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, ती सार्वजनिक वस्तू. नाका उभारला की रस्ता त्या व्याख्येत बसत नाही. टोलविरोधी आंदोलन पाहिलेल्या शहराला हे लांबवून सांगायला नको. संरक्षणाचं उदाहरण द्या, ते बिनधोक आहे.

गव्हाचे एकर आणि व्यापाराचं कलम

विभाग ८ मधलं राज्याराज्यांतल्या व्यापाराचं कलम दिसायला लहान, पण संघ सरकारचा निम्मा पसारा त्याच्यावर उभा आहे. एकच खटला नीट करा. ओहायोतले शेतकरी रॉस्को फिलबर्न यांना संघ सरकारच्या कायद्याने ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्यांनी पेरला २३ एकर. जादा गहू घरच्यासाठी आणि जनावरांसाठी, असं त्यांचं म्हणणं. दंड ११७ डॉलर ११ सेंट. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातला घेतला नाही. सगळ्यांनी असंच केलं तर देशभरचा भाव हलतो, म्हणून काँग्रेसला अधिकार आहे. घटनेचा अर्थ इथे थेट मागणी-पुरवठ्याने लागला. त्याची दुसरी बाजू १९९५ ची: शाळेजवळ बंदूक बाळगण्याला व्यापार म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही निकाल एकाच पानावर हवेत.

(कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे म्हणून गोंधळ नको. तिकडची सर्किट कोर्टं म्हणजे जिल्हा न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या मधली अपील न्यायालयं. फेडरल सर्किट धरून १३.)

जिथे थेट हुकूम देता येत नाही तिथे केंद्र पैशाची अट घालतं. दारूचं वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीतले ५ टक्के रोखायची तरतूद १९८४ ला झाली आणि न्यायालयाने ती १९८७ ला मान्य केली. आपल्या वित्त आयोगासारखी वाटणी ठरवणारी घटनात्मक यंत्रणा तिथे नाही, हे शेजारीच लिहा.

फेड: जुनी टिपणं फेकून द्या

राजकोषीय (कर आणि खर्चाचं) धोरण काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्षांचं, चलनविषयक (व्याजदराचं) धोरण फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचं; तिलाच फेड म्हणतात. १९१३ ची संस्था, १२ प्रादेशिक बँका, वॉशिंग्टनच्या मंडळावर ७ गव्हर्नर, मुदत १४ वर्षांची. नेमणूक राष्ट्राध्यक्षाची, संमती सिनेटची. व्याजदर ठरवणाऱ्या समितीत १२ मतं आणि वर्षाला आठ बैठका. मुख्य उद्दिष्टं दोन, १९७७ च्या कायद्याने: पुरेपूर रोजगार आणि स्थिर भाव. २ टक्के महागाईचं लक्ष्य मात्र फेडने स्वतः २०१२ मध्ये जाहीर केलं, ते कायद्यात नाही. रिझर्व्ह बँकेशी तुलना करताना आणखी एक फरक: सरकारी कर्जरोखे विकण्याचं काम आपल्याकडे रिझर्व्ह बँक सांभाळते, तिकडे ते ट्रेझरी, म्हणजे तिथलं अर्थखातं, स्वतः ठरवतं.

बहुतेक झेरॉक्स टिपणांत अजून ‘राखीव प्रमाण’ (ठेवींतला किती भाग बँकांनी बाजूला ठेवायचा ते) हे फेडचं पहिलं हत्यार म्हणून लिहिलेलं असतं. मार्च २०२० पासून ते शून्य आहे. आता मुख्य साधन म्हणजे बँका फेडकडे ठेवतात त्या पैशावर दिलं जाणारं व्याज. आपला सीआरआर, म्हणजे इकडचं राखीव प्रमाण, चालू आहे म्हणून तिकडचाही असेल असं धरू नका.

बेरोजगारीचा दर एकदा हाताने काढा. १६ वर्षांवरचे १०० जण. ६० कामावर, ३ जण गेल्या चार आठवड्यांत काम शोधत होते, ३७ जण शोधतच नव्हते. दर ३ टक्के नव्हे. ३ भागिले ६३, म्हणजे ४.८ टक्के. नुसता अभ्यासिकेत बसून परीक्षेची तयारी करणारा या हिशेबात बेरोजगार धरला जात नाही. शोधणाऱ्यांनी नाद सोडला की दर उतरतो, ही त्याची खोट.

टॅरिफ: एक जोड चपलेवर

समजा, कोल्हापुरी चपलेचा जोड ३० डॉलरला अमेरिकेतल्या आयातदाराने घेतला आणि शुल्क ५० टक्के आहे. १५ डॉलर तिकडच्या सीमाशुल्क खात्यात भरणारा तो आयातदार असतो. कोल्हापूरचा कारागीर नाही आणि भारत सरकारही नाही. इथपर्यंत कायदा. पुढचं अर्थशास्त्र: आयातदार भाव वाढवू शकला तर भार ग्राहकावर, ग्राहक दुसऱ्या देशाच्या चपलेकडे वळत असेल तर आयातदार इकडे फोन करून ३० चे २४ करा म्हणतो, आणि मग भार सुभाषनगरच्या कारागिराच्या मजुरीपर्यंत येतो. २४ वर ५० टक्के म्हणजे १२, आयातदाराला जोड पडला ३६ ला. ४५ वरून ९ डॉलर उतरला, त्यातले ६ इकडून गेले. शुल्क मालाच्या किमतीवर बसतं, त्यामुळे किंमत उतरली की शुल्कही उतरतं; हे गणित चुकतं ते ४५ मधून थेट ६ वजा केल्याने.

आता पहिला रकाना. शुल्क लावायचा अधिकार विभाग ८ प्रमाणे काँग्रेसचा. काँग्रेसनेच १९६२, १९७४ अशा कायद्यांनी काही अटींवर तो राष्ट्राध्यक्षाकडे दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक भारतीय वस्तूंवरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेताना आधार घेतला तो १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा, आणि त्या कायद्यात शुल्क बसतं का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून बातमीत ‘टॅरिफ’ दिसलं की टक्केवारीआधी कोणत्या कायद्याखाली ते शोधा. १९६२ च्या कायद्याला राष्ट्रीय सुरक्षेची चौकशी लागते, १९७४ च्या एका तरतुदीला अन्याय्य व्यापाराची. कायदा बदलला की तिसरा रकाना, अडवू शकणाऱ्यांचा, सगळाच बदलतो. टक्केवारी पेन्सिलीने लिहा, कायद्याचं नाव आणि वर्ष पेनाने.